आजोबांची गाडी आता कुठे असेल? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली जुनी फियाट, ॲम्बेसेडर, हेराल्ड किंवा पहिली मारुती कधीतरी विकली गेली आणि आता ती कुठे आहे ते शोधायचंय, असं म्हणणारी बरीच माणसं भेटतात. त्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात. उत्तरं महाराष्ट्रात नोंदवलेल्या गाड्या समोर ठेवून लिहिली आहेत. गोव्यातल्या किंवा बेळगावकडच्या गाड्यांनाही बरंचसं लागू पडेल.

माझ्याकडे फक्त एक जुना फोटो आहे. एवढ्यावर काही होईल का?

होईल, पण आधी फोटो नीट वाचायला हवा. फोटोतली माणसं पाहून झाली की गाडीकडे या. मूळ फोटो असेल तर मोबाईलवर काढलेल्या कॉपीवर समाधान मानू नका. चांगल्या स्कॅनरवर मोठा करून घ्या, आणि निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम.

पहिलं काम म्हणजे मॉडेल ओळखणं. घरचे सरसकट 'फियाट' म्हणतात, पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्या घराण्याच्या अनेक गाड्या निघाल्या. पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागे असलेली दिसली आणि अंग गोलमटोल असलं, तर ती पन्नाशीच्या दशकातली 'डुक्कर फियाट'. दारं सरळ उघडणारी आणि मागे शेपट्या असतील तर १९६४ पासूनची ११०० डी किंवा तिच्यानंतरच्या बहिणी. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. ॲम्बेसेडरमध्ये पुढची जाळी बघा. बारीक चौकड्यांची जाळी मार्क टूला, आडव्या पट्ट्यांची १९७५ च्या मार्क थ्रीला. मडगार्डसकट अख्खं बोनेट पुढे कलंडलेलं दिसलं तर ती मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. मारुती असेल तर १९८३ च्या अखेरीस आलेला पहिला आकार आणि १९८६ पासूनचा दुसरा, एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे.

मग नंबर. त्या काळी खासगी गाडीची पाटी काळी आणि आकडे पांढरे. रंगवणारा पेंटर हौशी असला की बी आणि आर, तीन आणि आठ यांत घोळ ठरलेला. पाटी मराठी आकड्यांत असेल तर १ आणि ९ दोनदा तपासा. एकाच फोटोवर विसंबू नका. लग्न, मुंज, महाबळेश्वरची सहल, वास्तुशांत, सगळे अल्बम काढा. मामाकडचे, आत्याकडचेसुद्धा. गाडी ज्याची होती त्याच्यापेक्षा पाहुण्यांच्या अल्बममध्ये ती जास्त सापडते, कारण गाडीसमोर उभं राहून फोटो पाहुणेच काढायचे.

नंबरातली अक्षरं काय सांगतात?

१ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्यानंतर एमएच मालिका आली. एमएच ०१ ताडदेव, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १२ पुणे, एमएच १५ नाशिक, एमएच ३१ नागपूर ही पासिंगं सगळ्यांना पाठ असतात. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असा नंबर असे. मुंबई राज्य असतानाच्या बी ने सुरू होणाऱ्या मालिका, मग एम च्या, गोव्याच्या जीडी च्या. कुठली अक्षरं कुठल्या जिल्ह्याची होती हे तिथल्या जुन्या आरटीओ एजंटाला विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांत चुका भरपूर आहेत.

घरात नेमके कुठले कागद शोधायचे?

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न, आणि लोक नेमका हाच टाळतात. कारण ट्रंक उघडण्यापेक्षा ॲपवर नंबर टाकणं सोपं असतं.

आपल्याला नंबर प्लेटपेक्षा चेसिस नंबर हवा आहे. पाटी बदलते, इंजिन बदलतं, रंग तर बदलतोच. चेसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहतो. तो आरसी बुकात असतो, पण आरसी बुक गाडीबरोबर गेलेलं असणार. म्हणून बाकीचे कागद.

विम्याची जुनी पॉलिसी पहिली शोधा. १९७३ च्या सुरुवातीला सर्वसाधारण विमा सरकारी झाला. त्याआधीची पॉलिसी भलत्याच कंपनीच्या नावाची असेल, म्हणून ती रद्दी समजून बाजूला टाकू नका. इंजिन आणि चेसिस नंबर बहुतेक वेळा तिच्यावर टाइप केलेले असतात. मग बँकेच्या कर्जाचे कागद, गाडी पुरवणाऱ्या डीलरची पावती, रोड टॅक्सच्या पावत्या, पेट्रोल भत्त्यासाठी ऑफिसात दिलेल्या अर्जाची कार्बन कॉपी. त्या काळी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्यामुळे बुकिंगचा कागद अनेकांनी सोन्याच्या पावतीबरोबर जपलेला असतो.

आणखी एक गोष्ट हाताला लागू शकते, जिचं काय करायचं हे घरच्यांना कळत नाही. पातळ कागदाचा बोटभर तुकडा, त्यावर पेन्सिलीने घासून काळा केलेला पट्टा आणि त्या काळ्यात पांढरे उमटलेले आकडे. हा चेसिस प्रिंट. मालकी बदलाच्या अर्जावर चिकटवण्यासाठी एजंट हे ठसे काढायचे, आणि एखादा जास्तीचा काढून ठेवायचे. हा सापडला तर तुमचं निम्मं काम झालं.

आजोबांच्या डायऱ्याही बघा. त्या पिढीला हिशेबाची सवय होती. 'गाडी ... यांस दिली, रु. ... रोख' अशी एक ओळ पुरेशी असते. विकत घेणाऱ्याचं नाव तिथेच मिळतं.

नंबर मिळाला. ॲपवर टाकला की मालकाचं नाव येईल ना?

नाही. एम-परिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर मालकाचं नाव झाकलेलं दिसतं, अधूनमधून एखादं अक्षर. ते योग्यच आहे. तुमच्या गाडीचा नंबर टाकून कोणी तुमचं नाव-पत्ता काढला तर तुम्हाला चालेल का?

पण बाकी बरंच कळतं. कुठल्या आरटीओत नोंद आहे, पहिली नोंदणी कधीची, नोंदणी किती तारखेपर्यंत वैध आहे, विमा कधी संपतो. यातला विमा नीट बघा. तो चालू असेल तर कोणीतरी त्या गाडीवर अजून पैसे खर्च करतंय, म्हणजे ती कुठेतरी उभी आहे, बहुधा चालतेही आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती ताजी दिसली तर त्याहून चांगली खबर नाही.

ॲप म्हणतं 'नोंद सापडत नाही'. म्हणजे भंगारात गेली?

तसं समजू नका. संगणक येण्याआधीच्या नोंदी वह्यांमध्ये होत्या. त्यातल्या ज्या गाड्यांच्या मालकांनी पुढे काही काम काढलं, त्यांचीच नोंद नव्या यंत्रणेत चढली. बाकीच्या वहीतच राहिल्या. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यापासून अनेक जुने मालक नोंद चढवून घेण्यासाठी आरटीओच्या पायऱ्या चढू लागले. त्यामुळे आज न दिसणारा नंबर काही महिन्यांनी दिसू शकतो. अधूनमधून टाकत राहा.

उलटंही खरं आहे. नोंद चालू दिसली म्हणजे गाडी जिवंत असं नाही. पूर्वी गाडी तोडायला दिली तर आरसी रद्द करायला कोण जाणार? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तशाच बाजारात गाडीचे सुटे भाग होऊन गेले आणि कागदावर ती अजून ठणठणीत, अशी कितीतरी उदाहरणं.

आरटीओत जाऊन काय मागायचं?

वाहनाच्या नोंदीचा उतारा. जुने लोक त्याला 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. अपघाताच्या दाव्यांत वकील हाच काढतात. गाडी तुमच्या आजोबांच्या नावावर होती आणि तुम्ही वारस आहात हे दाखवणारे कागद सोबत न्या : मृत्यू दाखला, तुमचं ओळखपत्र, जुनी पॉलिसी किंवा टॅक्सची पावती. 'सहज बघायचं होतं' असं सांगू नका. 'गाडी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे का, याची खात्री करायची आहे' असं लिहून द्या. हे कारण खरंही आहे आणि वजनदारही, ते का ते पुढे येईल.

माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण आजच्या मालकाचं नाव-पत्ता ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा नोंद रद्द झाली आहे का, गाडीला परराज्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र दिलं होतं का आणि कुठल्या कार्यालयासाठी, एवढंच विचारा. नाव न मागता दिशा मिळते.

एजंट म्हणतो, पैसे द्या, नाव काढून देतो. देऊ?

नको. बेकायदा आहे, आणि अशा मार्गाने नाव मिळवून तुम्ही समोरच्याच्या दारात गेलात तर त्याचा पहिला प्रश्न 'माझा पत्ता कुठून मिळाला?' हाच असेल.

गाडी कर्नाटकात किंवा आणखी कुठे गेली असेल तर?

राज्याच्या आत मालक बदलला तर नंबर तोच राहतो. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कोल्हापूरची गाडी बेळगावला विकली गेली आणि कागद रीतसर झाले, तर जुना नंबर घेऊन कितीही फिरलात तरी हाती काही लागणार नाही. चेसिस नंबरचं महत्त्व इथे कळतं. ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, कुठल्या कार्यालयाच्या नावे निघालं होतं ते समजलं की पुढचा शोध तिथे.

कागदांतून काहीच निघालं नाही. आता?

आता माणसं. खरं तर माझा अनुभव असा की गाडी शेवटी माणसांतूनच सापडते, कागद फक्त ती ओळखायला लागतात.

गाडी कोणाला विकली हे घरात कोणालाच आठवत नसेल तर ती दुरुस्तीला कोणाकडे जायची ते विचारा. जुन्या गाड्यांचे सौदे पेपरातल्या जाहिरातीतून कमी आणि मिस्त्रीमार्फत जास्त व्हायचे. 'साहेब विकताहेत, गाडी एकहाती आहे' हे तोच गिऱ्हाइकाला सांगायचा आणि दोन्हीकडून चहापाणी घ्यायचा. तो मिस्त्री हयात नसेल तर त्याचा मुलगा किंवा तेव्हाचा हेल्पर, जो आता स्वतःचं गॅरेज चालवतो. त्याला नंबर विचारून उपयोग नाही. गाडीच्या खोडी सांगा. माझ्या ओळखीच्या एका घरच्या पद्मिनीच्या डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवला होता, तोही डाव्या बाजूला, आजींसाठी. बाकी सगळे तो ड्रायव्हरकडे बसवत. म्हातारे मिस्त्री रंग विसरले होते, नंबर विसरले होते, साल दहा वर्षांनी चुकवत होते. पंखा म्हटल्यावर लगेच म्हणाले, 'हां, ती वहिनींची गाडी. ती फलटणच्या डॉक्टरांकडे गेली.'

तेव्हा घरच्यांना बसवून गाडीच्या खोडींची यादी करा. दाराला नंतर लावलेली वेगळी कडी, टपावरच्या कॅरिअरची भोकं, डिकीत वेल्डिंगचा जोड, सीटखाली ठोकलेला पत्रा. अशा गोष्टी माणसांच्या लक्षात राहतात.

जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांपर्यंतही पोचा. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब आहे, अनेक शहरांत फियाटवाल्यांचे, ॲम्बेसेडरवाल्यांचे गट आहेत, रविवारी सकाळी कुठेतरी जमतात. चित्रपट आणि मालिकांना जुन्या गाड्या पुरवणारेही असतात. त्यांच्याकडे एकेका मॉडेलच्या किती गाड्या कोणाकडे आहेत याचा चालताबोलता हिशेब असतो. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फियाटचे हबकॅप शोधत फिरणारा माणूस दिसला तर त्याच्याशी बोला.

फोटो आणि नंबर लोकांत फिरवा, पण चेसिस नंबर जाहीर करू नका. तो तुमच्याकडची किल्ली आहे. एकदा फिरला की कोणीही 'हीच ती' म्हणून भलतीच गाडी उभी करेल.

मालकाचा माग लागला. थेट जाऊन भेटू का?

आधी चिठ्ठी किंवा मेसेज, शक्यतो मधल्या ओळखीच्या माणसामार्फत. वारस दारात उभा राहिला की गाडीवर हक्क सांगायला आला असं लोकांना वाटतं. विशेषतः कागद अर्धवट असतील तर ते घाबरतात. थोडक्यात लिहा, असं काहीसं :

'नमस्कार. तुमच्याकडे असलेली १९७८ ची पद्मिनी पूर्वी माझ्या आजोबांची असावी असं वाटतं. गाडीवर आमचा कोणताही दावा नाही. आईला ती एकदा बघायची इच्छा आहे. तुमच्या सोयीने पाच मिनिटं दिलीत तर आभारी राहीन. सोबत त्या वेळचा फोटो पाठवत आहे.'

फोटो जरूर पाठवा. जुन्या गाडीच्या मालकाला तिचा तरुणपणचा फोटो मिळणं ही मोठी भेट असते, आणि दार त्यानेच उघडतं. पहिल्या भेटीत विकत घेण्याचा विषय काढू नका.

ही तीच गाडी हे कशावरून ठरवायचं?

चेसिस नंबर जुळला तर तीच. जुळला नाही तर नाही, मग काळजाला कितीही वाटो. बोनेटखालच्या पाटीवरचा आकडा बघा, पण पाटी रिव्हेट काढून दुसरीकडे लावता येते, म्हणून सांगाड्यावर ठोकलेला आकडाही शोधा. रंगाचे थर चढलेले असतात. मालकाच्या परवानगीने कापडाने पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे उमटतात.

इंजिन नंबर जुळला नाही म्हणून निराश होऊ नका. पेट्रोल महागल्यावर असंख्य फियाट आणि ॲम्बेसेडरना डिझेल इंजिनं बसली. स्टिअरिंगचा गिअर काढून खाली जमिनीवर घेतलेलाही असू शकतो. रंगाची परीक्षा दाराच्या आतल्या कडेला किंवा डिकीच्या रबराखाली होते. तिथे मूळ रंगाची चकती बहुतेक सापडते.

कागद अजिबात नसतील तर खोडींची यादी काढा. भोकं, जोड, कड्या. तीन-चार जुळल्या आणि नंबर प्लेट फोटोशी जुळली तर मी तरी मान्य करीन.

धक्काच बसला : गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे!

हे फार वेळा होतं. कोऱ्या टीटीओ, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सह्या करून गाडी दिली, घेणाऱ्याने पुढे दिली, त्याने आणखी पुढे, आणि आरटीओत कोणीच गेलं नाही. भावनेच्या भरात 'अजून आपलीच आहे' म्हणून खूश होण्याआधी हे वाचा : कागदावर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघात झाला आणि विमा नसला तर भरपाईसाठी नोंदीतल्या मालकालाच धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे हा प्रश्न हौसेचा नाही. आजच्या ताबेदाराशी बोलून वकिलाच्या सल्ल्याने नोंद सुधारून घ्या. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१, पुढच्या विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. ज्याने पैसे मोजून गाडी घेतली आणि सांभाळली, त्याच्याकडून ती कागदाच्या जोरावर ओढून घेण्याचा विचार मात्र करू नका. शोभत नाही, आणि कोर्टात टिकेलच असंही नाही.

परत विकत घ्यायची आहे. किती द्यावेत?

तुमच्या डोळ्यांत पाणी दिसलं की भाव वाढला. म्हणून बोलणी त्याने करावी ज्याला गाडीचं काही वाटत नाही, जावई सर्वांत उत्तम. आधी त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या दुसऱ्या गाडीचा भाव काढा आणि त्यावर आठवणींचे म्हणून किती जास्त द्यायचे ते घरी ठरवून निघा. पत्रा कामाला स्वतंत्र पैसे लागतात. सडलेले रनिंग बोर्ड आणि दाराचे तळ रंगाखाली झाकलेले असतात, चुंबक लावून बघा. लांबी, म्हणजे पुटी, भरलेल्या जागी तो चिकटत नाही. 'पारशी मालकाची होती' हे वाक्य ऐकलं तर हसून पुढे जा, ते मीही बऱ्याच गाड्यांबद्दल ऐकलंय.

कागदपत्रांत काय बघायचं?

नोंदणीची मुदत, पर्यावरण कर भरलेला आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, चलनं बाकी आहेत का, विमा. वर्षानुवर्षं आधी कर्ज फेडलेलं असूनही आरसीवर बोजा तसाच राहिलेला असतो. बँक विलीन झालेली असली की त्याचा दाखला मिळवणं हे वेगळंच प्रकरण.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, मग ५,००० रुपयांत नूतनीकरण. पहिल्यांदाच नोंदवल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्याच पाटीसाठी जीव टाकणाऱ्यांनी हे अर्जाच्या वेळी आवर्जून सांगावं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि ती रोज भाजी आणायला वापरता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

मी परदेशात आहे. इथलं कोण बघणार?

इथल्या भावंडाला साध्या कागदावर अधिकारपत्र द्या, ओळखपत्राची प्रत जोडा. चौकशीला ते चालतं. गाडी तुमच्या नावे करायची असेल तर मात्र रीतसर मुखत्यारपत्र लागेल. आणि गाडी तिकडे नेण्याचा बेत असेल तर आधी त्या देशाचे नियम वाचा, मग इथे सौदा करा.

गाडी तोडली गेली हे नक्की कळलं. आता काही उरतं का?

कधीकधी उरतं. फियाटची भांडी, म्हणजे स्टिअरिंगचं चाक, मीटर, हबकॅप, 'प्रीमियर' अक्षरांची पट्टी, तोडणारे वेगळी विकतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. तोपर्यंत सुट्या भागांना मोठी मागणी होती, त्यामुळे तुमच्या गाडीचं दार एखाद्या टॅक्सीला लागलेलंही असू शकतं. ते शोधायला जाऊ नका. नोंद मात्र रद्द करून घ्या. आजोबांच्या नावावर असेल तर वारस म्हणून लेखी कळवा, पोचपावती घ्या आणि ती त्याच ट्रंकेत ठेवा.

स्कूटर, राजदूत किंवा जीपसाठीही हीच पद्धत?

हो. स्कूटर शोधणं जास्त अवघड, कारण त्यांचे भाग एकमेकींत फार फिरतात. जीपचं उलट : एखाद्या गावात जुनी जीप कोणाकडे आहे हे चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं.